एपेक्स लोकेटरशी जुळवून घेताना: अमळनेरच्या दवाखान्यातल्या नोंदी

दातांचा एका खुर्चीचा दवाखाना आहे. बारा वर्षं आरसीटी (रूट कॅनाल) करतेय आणि बारा वर्षं कॅनालची, म्हणजे मुळातल्या नळीची, लांबी आरव्हीजीवर, म्हणजे डिजिटल एक्स-रेवर, बघूनच काढतेय. फाईल (सुईसारखी बारीक कानस) आत घालायची, फोटो काढायचा, मुळाच्या टोकापासून एक मिलिमीटर मागे यायचं. खालच्या दातांना हे बरं चालतं. वरच्या दाढांना गालाच्या हाडाची सावली मुळांच्या टोकांवर येते आणि मग अंदाजपंचे. मार्चमध्ये अशाच एका वरच्या दाढेत गटा पर्चा (कॅनालमध्ये भरायचं रबरासारखं द्रव्य) टोकाबाहेर गेला. बाई पंधरा दिवस घास चावू शकल्या नाहीत. त्यानंतर एपेक्स लोकेटर, म्हणजे कॅनालची लांबी करंटने मोजणारं मशीन, घ्यायचं ठरवलं. आमच्या भागात नव्याने घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून चुकांसकट लिहून ठेवतेय.

२२ एप्रिल २०२४

मशीन आलं. जळगावच्या दातांच्या सामानाच्या डेपोतून १४,५०० रुपयांना. जपानी घ्यायचं मनात होतं, खिशात नव्हतं. सोबत एक वायर, दोन लिप हुक (ओठात अडकवायचे), एक फाईल क्लिप (फाईल पकडणारी) आणि मुंगीच्या अक्षरातली पुस्तिका. पुस्तिका वाचली नाही. ही पहिली चूक.

संध्याकाळी सरळ पेशंटवरच लावलं. खालची पहिली दाढ, बाजूला जुनी चांदी भरलेली. दहा नंबरची फाईल कॅनालच्या तोंडाशी नेली न नेली तोच स्क्रीन लाल आणि टीं टीं टीं, म्हणजे मशीनच्या मते मुळाचं टोक आलं. चारही कॅनालमध्ये तेच. मांडळकडची आजी, तोंड उघडं ठेवूनच हातवारे करून विचारत होती. तोंड मोकळं झाल्यावर म्हणाली, "माय, हाई टी टी करस ते काय शे?" मी म्हटलं, नवीन मशीन आहे, शिकतंय. खरं तर शिकायचं मला होतं.

नेहमीसारखे तीन आरव्हीजी काढून काम उरकलं. चाळीस मिनिटं जास्त गेली.

२४ एप्रिल

आज चांदीबिंदी काही नसलेला दात निवडला, वरची दुसरी उपदाढ. कॉलेजात आम्हाला सांगितलेलं डोक्यात पक्कं होतं की ओल्या कॅनालमध्ये लोकेटर फसतं. म्हणून पेपर पॉइंटने (कागदाच्या बारीक वातीने) कॅनाल खडखडीत कोरडा केला. फाईल आत गेली तरी स्क्रीन हलेना. थोडं हायपो (कॅनाल धुवायचं औषध) घातलं तर एकदा १७, एकदा २१, एकदा १९. क्लिप हलवली की आकडा हलतो.

मशीन डिफेक्टिव्ह आहे अशी माझी खात्री पटली.

२६ एप्रिल

कुरिअरने सर्व्हिसला पाठवलं. २४० रुपये.

७ मे

अकरा दिवसांनी परत आलं. सोबतच्या चिठ्ठीवर "दोष आढळला नाही" आणि तपासणीचे ७०० रुपये. खाली हाताने लिहिलं होतं, वायर व क्लिप तपासावी. वायर आणि क्लिप मी पाठवलीच नव्हती. मशीन बिघडलंय म्हणून फक्त मशीन पाठवलं होतं!

८ मे

दवाखान्याखाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या पोराला वायर दाखवली. त्याने मीटर लावला. वायर ठीक, लिप हुक ठीक, फाईल क्लिपमधून मात्र कधी आवाज येतो, कधी नाही. क्लिपचा दांडा दाबून त्याने आतलं स्प्रिंगचं टोक दाखवलं. त्यावर पांढरट खपली, खाली हिरवट डाग. दोन दिवसांत एवढं कसं? असिस्टंटला विचारलं. बाकीच्या सामानाबरोबर तिने क्लिपही रात्रभर हायपोच्या भांड्यात टाकली होती. तिचा दोष नाही, मीच काही सांगितलं नव्हतं. नवी क्लिप ६५० रुपये. मोबाईलवाल्याने पैसे घेतले नाहीत, अक्कलदाढ कधी दुखली तर बघा म्हणाला.

रात्री पुस्तिका वाचली. त्यात पहिल्याच पानावर तपासणी दिलेली आहे: क्लिप लिप हुकाला टेकवायची, स्क्रीनवरच्या सगळ्या रेघा शेवटपर्यंत भरल्या पाहिजेत. टेकवलेलं असतानाच वायर मुळाशी जरा वाकवून बघायची. रेघा लुकलुकल्या तर वायर किंवा क्लिप गेली. दहा सेकंदांचं काम. हे २२ तारखेपासून रोज केलं असतं तर बिघडलेली क्लिप २४ तारखेलाच सापडली असती, आणि ९४० रुपये व अकरा दिवस वाचले असते. आता रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी हे करतो. क्लिप हायपोत नाही, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. लिप हुक ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात) चालतो.

कोरड्या कॅनालचा गैरसमजही तिथेच सुटला. १९६२ साली जपानी संशोधक सुनादांनी कॅनालमधली फाईल आणि ओठ यांच्यातला ६.५ किलोओहमचा रोध धरून लांबी काढली, त्या धर्तीची जुनी यंत्रं एकाच प्रकारचा करंट वापरायची आणि ओलीत खरोखर फसायची. आमच्या सरांनी तीच पाहिलेली असणार. १९९४ मध्ये कोबायाशी आणि सुदा यांनी दोन फ्रिक्वेन्सींचं गुणोत्तर घ्यायची पद्धत मांडली, रूट झेडएक्स या जपानी मशीनमध्ये ०.४ आणि ८ किलोहर्ट्झ. माझं मशीन त्याच जातीचं, त्याला ओल चालते. किंबहुना ओल लागतेच. मी त्याला उपाशी ठेवून चालायला सांगत होते.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

पेशंट नाहीत, सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, गल्लीत झोके. दवाखाना उघडा ठेवून टेबलावर सराव करायचं ठरवलं. पेशंटच्या तोंडात शिकणं बंद.

साठवलेले काढलेले दात बाहेर काढले. चांदीवाले बाजूला ठेवले (ते ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे नाहीत, पाऱ्याची वाफ होते), बाकीचे ऑटोक्लेव्ह केले, मुळावरचं खरवडून घेतलं. टोक पूर्ण तयार झालेली, एकेरी मुळाची अठरा निवडली. डिस्कने वरचा भाग सपाट कापला. स्टॉपर (फाईलवर सरकणारी रबराची टिकली) टेकायला सपाट जागा नसेल तर पुढचं सगळं मोजमाप वायफळ आहे.

मूळ आल्जिनेटमध्ये (दातांचं माप घ्यायच्या लगद्यात) बुडवायचं, त्याच आल्जिनेटमध्ये लिप हुक खोचायचा, म्हणजे तो झाला जबडा. गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची डबी घेतली, झाकणाला दोन भोकं पाडली, एक दातासाठी, एक हुकासाठी. आल्जिनेट सलाईनमध्ये कालवलं. बाहेर ४३ अंश, नळाचं पाणी गरम, आणि सलाईनची बाटली खिडकीत. वाटीतच दगड झाला. दुसरा घाणा डबीत पडेपर्यंत घट्ट, दात आत जाईना. तिसऱ्याला सलाईन फ्रिजमध्ये ठेवून घेतलं, वाटी आणि चमचाही गार केला. तेव्हा कुठे दीड-दोन मिनिटं मिळाली. मे महिन्यात खान्देशात हे करणार असाल तर आधी बाटली फ्रिजमध्ये टाका, मग बाकीचं.

दिवसभरात सहा दात मोजले. सहाही जुळले! घरी जाताना हवेत होते.

१२ मे

आज रविवार, शांतपणे वही पाहिली आणि सहाही नोंदींवर काट मारली.

कारण असं: मी आधी खरी लांबी काढत होते. फाईल मुळाच्या टोकातून डोकावेपर्यंत ढकलायची, टोक छिद्राच्या काठाशी लेव्हल झालं की स्टॉपर लावायचा आणि व्हर्नियरवर (बारीक मापाच्या सरकपट्टीवर) मोजायचं. मग तोच दात आल्जिनेटमध्ये ठेवून मशीनने. पण तोपर्यंत २०.५ माझ्या डोक्यात बसलेलं. मशीन २०.५ च्या आसपास टीं टीं करायला लागलं की हात आपोआप थांबतो. मी मशीन तपासत नव्हते, माझीच पाठांतर परीक्षा घेत होते.

नवी पद्धत: आधी मशीन, मग खरी लांबी. शिवाय व्हर्नियर असिस्टंट वाचणार, ती वहीत लिहून कागदाने झाकणार. मी सगळं संपेपर्यंत बघायचं नाही. तिला हा खेळ फार आवडला. व्हर्नियर सराफाकडे असतो तसला, ३८० रुपये.

१३ मे

मतदान. सकाळी बोटाला शाई लावून आलो, दुपारी दवाखान्यात दोघीच. आठ दात मोजले.

आधी डोळ्यांना दिसलं ते सांगते. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं होतं. त्यातून मुळाची टोकं पाहिली आणि चाट पडले. आठपैकी पाच दातांत छिद्र टोकावर नव्हतंच! टोकाच्या अलीकडे, बाजूला, एकात तर जवळपास मिलिमीटरभर वर. पुस्तकात शंभरदा वाचलंय, परीक्षेत लिहिलंयही. पण बारा वर्षं मी एक्स-रेवरच्या ज्या टोकापासून एक मिलिमीटर मागे येत होते तिथे कॅनाल उघडतच नव्हता बऱ्याचदा. आणि छिद्र गालाकडे किंवा जिभेकडे उघडत असेल तर समोरून काढलेल्या फोटोत ते दिसणारही नाही. एक दात आरव्हीजीच्या सेन्सरवर ठेवून फोटो काढला, फाईल छिद्रातून चक्क बाहेर डोकावतेय आणि फोटोत ती टोकाच्या आत, अगदी शहाण्यासारखी बसलेली. असिस्टंट म्हणाली, म्हणजे आपण आत आहोत असं समजून बाहेर काम करत होतो? हो बाई, तसंच.

कागद काढल्यावर: आठपैकी सहा दात अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले. एक सव्वा मिलिमीटरने कमी, एक जवळजवळ दोनने. शेवटच्या दोघांची वेळ पाहिली, दुपारी चारनंतरचे. डबी उघडून बोट लावलं तर आल्जिनेट सुकून मुळापासून सुटलं होतं. कूलर थेट टेबलावर वारा मारत होता.

१५ मे

ताजं आल्जिनेट, डबीभोवती ओला गॉज, दर तासाला नवा घाणा. तेच दोन दात पुन्हा. दोन्ही जुळले.

आता ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप, तो. स्क्रीनवर ०.५ अशी खूण असते. मी आणि माझ्या ओळखीतले दोघंतिघं तिला अर्धा मिलिमीटर समजतो. डेपोवालाही तसंच सांगतो. सहा दातांत फाईल बरोबर ०.५ च्या खुणेवर थांबवली, स्टॉपर लावला, मग छिद्रापर्यंतची खरी लांबी घेतली. फरक: ०.२, ०.९, ०.४, १.१, ०.६, ०.३. म्हणजे ती खूण मिलिमीटर नाही, नुसती खूण आहे. पेट्रोलच्या काट्यासारखी, अर्धी टाकी दाखवते म्हणजे नेमकं अडीच लिटर असं नाही.

तेच सहा दात शून्यावर, म्हणजे एपेक्सच्या खुणेवर घेतले. सगळे अर्ध्या मिलिमीटरच्या आत, चार तर ०.२ च्या आत. तेव्हा माझी पद्धत आता अशी: फाईल हळू पुढे न्यायची, शून्य ओलांडून लाल दिवा लागू द्यायचा, मग मागे घेत बरोबर शून्यावर आणायची, आकडा पाच सेकंद स्थिर राहिला तरच स्टॉपर टेकवायचा. बाहेर काढून पट्टीवर मोजायचं आणि त्यातून अर्धा मिलिमीटर पट्टीवर वजा करायचा, स्क्रीनवर नाही. अर्धाच का, तर कॅनालचा सगळ्यात अरुंद भाग छिद्राच्या साधारण तेवढा आत असतो. कुटलर नावाच्या संशोधकाने १९५५ मध्ये मोजलं होतं, तरुणांत सुमारे अर्धा मिलिमीटर, वयस्करांत त्याहून थोडा जास्त.

१७ मे

स्टॉपरची भानगड. तीच फाईल, तोच दात, असिस्टंटचं आणि माझं माप अर्ध्या मिलिमीटरने वेगळं. स्टॉपर तिरका बसला होता. चार-पाच वेळा वापरलेल्या स्टॉपरचं भोक सैल होतं, क्लिप लावताना तो सरकतो आणि कळतही नाही. नवे स्टॉपर, आडवे सरळ. हे लिहायलाही लाज वाटते, पण अठरा दातांत मशीनने जेवढी चूक केली नाही तेवढी एका रबराच्या टिकलीने केली.

१९ मे

मोहिनी एकादशी, सखाराम महाराजांचा रथ. रस्ता बंद, दवाखाना बंद.

२१ मे

पहिला खरा पेशंट. खालची उपदाढ, रबर डॅम (दाताभोवतीचा रबराचा पडदा) लावून. आरव्हीजीवरून अंदाज २१, मशीन शून्यावर २१.५, कामाची लांबी २१. एकाच फोटोत पडताळणी. मशीनचा वेळ मिनिटभर.

२२ मे

२२ एप्रिलच्या आजीची दुसरी दाढ, त्यातही चांदी. यावेळी आधी सगळी चांदी काढली. वाटलं होतं एवढ्याने भागेल, पण फाईल पहिल्या कॅनालमध्ये मधोमध गेली की आकडा उडी मारून शून्यावर. दुसऱ्यात तसंच. बघितलं तर दाढेच्या पोकळीत हायपोचं तळं साचलेलं. सगळे कॅनाल त्या पाण्याने एकमेकांना जोडलेले आणि एका कडेने पाणी हिरडीला लागलेलं. करंटला सोपा रस्ता मिळाला तर तो मुळाच्या टोकापर्यंत कशाला जाईल? कापसाच्या बोळ्याने वरची पोकळी कोरडी केली, कॅनालमध्ये ओल तशीच ठेवली. चारही कॅनाल पहिल्या झटक्यात.

वर कोरडं, आत ओलं. पेशंट सुरू करायच्या आधी असिस्टंट हे मोठ्याने म्हणते आता, मी विसरते म्हणून.

२५ मे

वरचा सुळा. पंचवीस मिलिमीटर लांबीची फाईल जवळपास पूर्ण आत, क्लिप पकडायला धातूच उरला नाही, ती प्लास्टिकच्या मुठीवर घसरते आणि आकडा येत नाही. सुळा सव्वीस-सत्तावीस मिलिमीटरचाही असतो. एकतीसची फाईल काढली, प्रश्न मिटला. फाईलींचं पाकीट आणायला असिस्टंट उन्हातून डेपोच्या एजंटकडे गेली, त्यात पाऊण तास गेला. एकतीसच्या फाईली आता ड्रॉवरमध्ये कायम.

२७ मे

आजची नोंद सगळ्यात जास्त लिहायची आहे आणि सगळ्यात कमी लिहावीशी वाटते.

खालची पहिली दाढ, पंचावन्नच्या बाई, कॅनाल चुन्याने भरून आलेले. पुढच्या मुळातले दोन सापडेनात. बर लावून शोधत होते. एका जागी फाईल चिकटली, आत सरकली, मला वाटलं सापडला. मशीन लावलं तर १० मिलिमीटरवर शून्य. दाढ वीस-एकवीसची असायला हवी.

वर कोरडं केलं. पुन्हा १०. क्लिप पुसली, हुकाला टेकवून पाहिली, रेघा पूर्ण. पुन्हा १०. नवे सेल टाकले. १०. हायपो काढून सलाईन घातलं. १०. मशीन गरमीने गडबडलंय असं असिस्टंटला सांगितलं, एसी सोळावर केला. त्यात पंचवीस मिनिटं गेली. बाई विचारतायत, "आते किती येळ, माय?"

मग आरव्हीजी सरळ न काढता बाजूच्या कोनातून काढला. फाईल दोन मुळांच्या मधल्या हाडात. कॅनाल सापडलाच नव्हता, मी दाढेच्या तळाला भोक पाडलं होतं. मशीन पाच वेळा तेच सांगत होतं. फाईलचं टोक दाताबाहेरच्या पडद्याला टेकलं की ते शून्य दाखवतं, ते टोक मुळाच्या शेवटी आहे की मी पाडलेल्या भोकात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. भिंगाने पाहिलं तर तळाशी लाल ठिपका होता. तो ठिपका मला आधीच दिसला होता आणि मी त्याला "थोडं रक्त येतंय" एवढंच म्हटलं होतं.

बाईंना आणि त्यांच्या मुलाला तेव्हाच सांगितलं. मुलगा गप्प झाला. बाई म्हणाल्या, "मंग काढी टाका ना, कटकट नही." मी म्हटलं, वाचवता येईल, पैसे वाढणार नाहीत, पण दोन खेपा जास्त होतील. भोक लहान होतं आणि ताजं होतं. रक्त थांबवलं, सलाईनने धुतलं, एमटीए (भोक बुजवायचं सिमेंट) भरलं, वर ओला बोळा आणि तात्पुरतं सिमेंट. एमटीएची पुडी ११०० रुपये, माझ्या खिशातून. खरे कॅनाल शोधायला त्या दिवशी हात लावला नाही, हात थरथरत होता.

नियम: ज्या कॅनालमध्ये फाईल अपेक्षेच्या निम्म्यावर शून्य दाखवते तिथे पहिला संशय स्वतःवर. बाजूच्या कोनातून एक फोटो, मग मशीनला शिव्या.

३ जून

त्याच बाई. एमटीए कडक झालेलं. दोन्ही कॅनाल सापडले, मी शोधत होते त्यापेक्षा बरेच गालाकडे. १९.५ आणि २०. पाऊस अजून नाही.

८ जून

नऊ वर्षांचा मुलगा, पडून पुढचा दात तुटलेला, मुळाचं टोक अजून बंद झालेलं नाही. पंधरा नंबरच्या फाईलने मशीन कधी १४, कधी १६. रुंद भगदाडात बारीक फाईल हलली की आकडा हलतो. साठ नंबरची जाड फाईल घेतली तेव्हा जरा स्थिर झालं, तरी आरव्हीजीपेक्षा दोन मिलिमीटर कमीच. इथे मशीनवर विसंबले नाही. आरव्हीजी आणि पेपर पॉइंट, पॉइंटचं टोक जिथून ओलं येतं तिथपर्यंतचं माप. तीनदा घेतलं, तीनदा जवळपास सारखं. उघड्या टोकाच्या मुलांसाठी माझं मत सध्या तरी हेच.

१२ जून

निवृत्त गृहस्थ, छातीत पेसमेकर. पुस्तिकेत नको म्हटलंय, म्हणून मशीन लावलं नाही. सगळं आरव्हीजीवर. केस पेपरवर पेसमेकरचा रकाना नव्हता, आज पेनाने आखला.

१५ जून

धातूची कॅप असलेली दाढ, कॅप न काढता भोक पाडून आरसीटी. फाईल कॅपला लागते आणि सगळं लाल. बारीक सुईच्या सलाईन सेटची प्लास्टिकची नळी मिलिमीटरभर कापून फाईलवर चढवली. एका कॅनालमध्ये जमलं, बाकीच्यांत नळी वर सरकते. नेलपॉलिश लावून पाहिलं, त्याचे टवके कॅनालमध्ये पडले, ते काढण्यात वीस मिनिटं. नेलपॉलिश करू नका. शेवटी कॅपचं भोक बरने मोठं केलं, सगळीकडून फाईल मोकळी राहील एवढं. जे आधी करायचं होतं ते.

जुनी आरसीटी उकरतानाही असंच एक ध्यानात आलं: आत जुना गटा पर्चा शिल्लक असेपर्यंत मशीन मुकं राहतं किंवा वाटेल ते बोलतं. तो टोकापर्यंत निघेपर्यंत लांबी घ्यायची घाई नाही.

२२ जून

काल पहिला बरा पाऊस. वाकड्या मुळाची खालची दाढ. सुरुवातीला लांबी २०.५ घेतली, वरचा भाग रुंद केला, रोटरी (मोटरवर फिरणारी) फाईल चालवायच्या आधी सहज पुन्हा मोजली तर २०. पुन्हा घेतली, २०. वरचं वळण सरळ झालं की फाईल सरळ रस्त्याने जाते आणि लांबी कमी होते. तो अर्धा मिलिमीटर मी इतकी वर्षं पेशंटच्या हाडात घालत असेन. रुंद केल्यावर फाईल टोकापर्यंत मोकळी जाते, त्यामुळे आकडाही जास्त स्थिर येतो, हा दुसरा फायदा.

आता लांबी दोनदा: अंदाजासाठी आधी, कामासाठी वरचा भाग मोकळा केल्यावर. सोबत केस पेपरवर दाढेच्या कोणत्या कोपऱ्याला स्टॉपर टेकवला तेही लिहायचं. मागच्या आठवड्यात दोन खेपांमध्ये दाढेचा कोपरा तुटला आणि मोजमापाचा आधारच गेला. तेव्हापासून कच्चा कोपरा आधीच घासून सपाट करते.

२९ जून

पारोळ्याची मैत्रीण दवाखान्यात आली होती. तिने गेल्या वर्षी घेतलेलं मशीन कपाटात पडून आहे, "चांदीच्या दाताला चालत नाही ना ते." तिला डबी, भिंग आणि झाकून लिहिलेली वही दाखवली. आल्जिनेट कालवायला बसलो, आता हवा दमट आणि गार असल्याने निवांत वेळ मिळाला. चार दात तिने मोजले, चौथ्याला असिस्टंटने तिलाही आकडा दाखवला नाही. उरलेले दात आणि डबी घेऊन गेली. भिंग घड्याळवाल्याचं आहे, ते दिलं नाही.

आतापर्यंतचा जादा खर्च असा: कुरिअर आणि तपासणी ९४०, क्लिप ६५०, व्हर्नियर ३८०, आल्जिनेटची दोन पाकिटं ८६०, एमटीए ११००. मशीनच्या किमतीवर ३,९३० रुपये. आरव्हीजी मात्र एका दाढेमागे तीन-चारवरून दोनवर आलेत, एक लांबीच्या पडताळणीला, एक भरल्यावर. पडताळणीचा फोटो मी सोडलेला नाही. मशीन आणि फोटो यांच्यात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की थांबते आणि दोन्ही पुन्हा घेते.

६ जुलै

२७ मेच्या बाई आल्या. दुखत नाही, हिरडी स्वच्छ, दोन मुळांच्या मध्ये फोटोत काळं काही नाही. कॅपचं माप घेतलं. मुलगाही आला होता, आज बोलला, कापसाला पाऊस पुरेसा आहे म्हणाला. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा, केस पेपरवर लाल पेनाने लिहिलंय.

सकाळच्या तपासणीत रेघा पूर्ण भरल्या, पण बॅटरीची एक रेघ कमी. उद्या सेल आणायचे.